जबलपूर : संथ नर्मदा, संथ श्वास

संगमरवरी कडे, धुवांधार धबधबा आणि नर्मदेचे घाट पाहायला आम्ही जबलपूरला गेलो. तिथे आणखी एक गोष्ट पदरात पडली, ती म्हणजे वाढलेला रक्तदाब थोडा खाली आणणारी एक साधी, बिनखर्चाची सवय. तिची मर्यादा कुठे संपते, हेही त्याच घाटावर कळले.

काशी-प्रयागच्या यात्रेला निघालेली मराठी माणसे जबलपूर स्टेशनच्या फलाटावर चहा पितात आणि गाडी हलली की पुढे निघून जातात. वास्तविक हे शहर दोन-तीन दिवस मुक्काम करून पाहावे असे आहे. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर गाव, इथून जवळच आहे. पुढे गोंड राजांनी गढा-मंडल्याचे राज्य इथून चालवले. अकबराच्या फौजेशी लढताना १५६४ मध्ये धारातीर्थी पडलेली राणी दुर्गावती याच भूमीतली.

मराठी माणसाला तर जबलपूर परके वाटू नये. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ च्या युद्धात इंग्रजांनी तो घेतला. पुढे बराच काळ, १९५६ पर्यंत, नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. नोकरी, वकिली, शिक्षण अशा निमित्ताने गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे तिथलीच झाली. त्यांची मराठी थोडी हिंदी वळणाची असते, पण घरात गणपती बसतो आणि दिवाळीला चकली-अनारसे होतात.

माझी मावशी अशाच एका घरात दिलेली. राइट टाउन भागात तिचे जुने, ऐसपैस घर आहे. काका गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तोफांचे गाडे बनवणारा हा कारखाना १९०४ पासूनचा. गेल्या हिवाळ्यात आम्ही मावशीकडे गेलो, ते मात्र थोडी काळजी बरोबर घेऊनच. यजमानांच्या कार्यालयातल्या तपासणीत त्यांचा रक्तदाब १५२/९६ निघाला होता. डॉक्टरांनी आणखी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी मोजला. रक्त, लघवी, ई.सी.जी. सगळे तपासले. बाकी कुठे दोष नव्हता. ते म्हणाले, “तीन महिने मीठ कमी करा, वजन उतरवा, रोज चाला. मग गोळीचे ठरवू.” यजमानांनी गोळीची धास्तीच घेतली होती. गोळी एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते, हे त्यांच्या मनात पक्के बसले होते.

गर्जना आणि शांतता

शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर भेडाघाट आहे. तिथे आधी धुवांधार पाहावा. नर्मदा खडकांच्या चिंचोळ्या वाटेतून अशा वेगाने कोसळते की उडालेल्या तुषारांचा धूरच दिसतो. त्यावरूनच धुवांधार हे नाव पडले. आवाज इतका की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते.

तिथून थोडे खाली गेले की तीच नर्मदा ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना सुमारे शंभर फूट उंचीचे संगमरवरी कडे आणि त्यांच्या मधून सरकणारे खोल, हिरवे, जवळजवळ स्तब्ध पाणी. कुठे कडे पांढरेशुभ्र, कुठे गुलाबी, कुठे निळसर-करडे. नाववाले यमक जुळवत, फिरकी घेत हिंदीत माहिती सांगतात. “जिस देश में गंगा बहती है” या १९६० च्या चित्रपटाचे चित्रण इथे झाले, हे सांगायला एकही नाववाला विसरत नाही. चांदण्या रात्री हे कडे चमकतात, म्हणून पौर्णिमेच्या आसपास गर्दी असते. भेडाघाट-लमेटाघाटाचा हा परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला.

जवळच्या टेकडीवर दहाव्या शतकातले चौसष्ट योगिनींचे गोलाकार मंदिर आहे. आवाराच्या भिंतीला लागून योगिनींच्या मूर्ती मांडलेल्या आणि मध्ये गौरीशंकराचे देऊळ. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या असल्या तरी त्यांची घडण पाहत राहावी अशी आहे. वर जायला शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. यजमान निम्म्या वाटेतच टेकले. काका त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण शेजारी शांतपणे उभे होते. ते म्हणाले, “जावईबापू, घाई नको. आधी श्वास बाहेर सोडा, सावकाश. आत घ्यायचं तो आपलं आपण बघून घेतो.”

ग्वारीघाटावरची पहाट

दुसऱ्या दिवशी पहाटे काका आम्हाला ग्वारीघाटावर घेऊन गेले. याला गौरीघाटही म्हणतात. संध्याकाळी इथे नर्मदेची मोठी आरती होते. दिवे, शंख, घंटा आणि पानांच्या द्रोणांतून सोडलेले दीप, सगळे प्रसन्न असते. पण काकांना पहाटेचा घाट आवडतो. थंडीत पाण्यावर धुके असते. परिक्रमेला निघालेली एखाद-दुसरी मंडळी काठी-कमंडलू घेऊन नदीला उजव्या हाताला ठेवत चालताना दिसतात. त्यांत मराठी बोलणारेही भेटतात.

काका एका पायरीवर बसले. पाठ ताठ, एक हात पोटावर. नाकाने श्वास घेताना मनात चार अंक मोजायचे आणि सोडताना सहा. पंधरा मिनिटे हेच, दुसरे काही नाही. मंत्र नाही की श्वास कोंडणे नाही. मग उठून त्यांनी आपली हकिगत सांगितली.

आठ वर्षांपूर्वी त्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या. कुणीतरी एका शिबिरात नेले. श्वास साधला की गोळ्यांची गरज उरत नाही, असे तिथे सांगण्यात आले. काकांनी श्वास मनापासून साधला आणि गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. काही आठवडे छान गेले. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. बरे वाटते म्हणून त्यांनी रक्तदाब मोजणेही सोडले. चौथ्या महिन्यात एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढले गेले, बोलणे जड झाले. मावशीने वेळ न दवडता इस्पितळात नेले म्हणून निभावले. उजव्या हाताची बोटे आजही सदऱ्याची गुंडी लावताना अडखळतात.

“श्वासानं मला फसवलं नाही,” काका म्हणाले. “मी गोळी टाकली आणि मोजणं सोडलं, ते चुकलं.”

पुढे गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण श्वासाचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. दर आठवड्याला रक्तदाबाची नोंद ठेवली. दोन वर्षांच्या नोंदी पाहून डॉक्टरांनीच दोनपैकी एक गोळी कमी केली. दुसरी आजही चालू आहे. मावशी म्हणते, “मी तर आता यांना गोळी दिल्याशिवाय चहाच देत नाही!”

दोन जगप्रसिद्ध आचार्य

मनःशांतीच्या मार्गांशी जबलपूरचे नाते जुने आहे. भावातीत ध्यान जगभर नेणारे महर्षी महेश योगी यांची जडणघडण याच शहरातली. मूळ नाव महेशप्रसाद वर्मा. पुढे अलाहाबादला ते भौतिकशास्त्र शिकले. २००८ मध्ये नेदरलँडमध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे आचार्य रजनीश. जबलपूर विद्यापीठात ते तत्त्वज्ञान शिकवत आणि १९६६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. शहरातल्या भँवरताल उद्यानातला मौलश्रीचा, म्हणजे आपल्या बकुळीचा, वृक्ष त्यांच्या अनुयायांना पूज्य आहे. १९५३ मध्ये त्याच झाडाखाली त्यांना ज्ञानप्राप्ती झाली, असे ते मानतात.

रक्तदाबाच्या रुग्णाने मात्र या दोन वाटांतला फरक ध्यानात घ्यावा. भावातीत ध्यानात डोळे मिटून मनात मंत्र घोळवायचा असतो. त्याने रक्तदाब काही अंकांनी उतरतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये औषधांखेरीजच्या उपायांचा आढावा घेतला, तेव्हा पूरक उपाय म्हणून त्याचा विचार करायला हरकत नाही, इतपतच मत दिले. रजनीशांच्या सक्रिय ध्यानाची सुरुवात जलद, जोरकस श्वासाने होते. रक्तदाब वाढलेला असेल त्याने असे जोरकस श्वास, भस्त्रिका, कपालभाती वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. श्वासाचे सगळेच प्रकार रक्तदाब उतरवत नाहीत. उपयोगी पडतो तो संथ श्वास.

मुंबईतला प्रयोग

संथ श्वासाने रक्तदाब उतरतो, हे पारखून पाहण्यात आपली मुंबई पुढे होती. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. त्यात पोटाने घेतलेला संथ, लयबद्ध श्वास हा मुख्य भाग होता. त्यांचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. (हा वरचा आकडा नव्हे, वरच्या-खालच्या दाबांवरून काढलेली सरासरी.) ज्यांचा दाब औषधांनी आटोक्यात होता, त्यांची औषधाची गरज साधारण एक तृतीयांशावर आली. सर्वांना सारखा फायदा झाला नाही आणि तुलनेसाठी वेगळा गटही नव्हता. तरीही वाट दाखवणारा हा प्रयोग होता.

तुलनेची उणीव भरून काढली इंग्लंडमधल्या मूळच्या भारतीय डॉक्टर चंद्रा पटेल यांनी. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन इथे त्या सामान्य रुग्णांना तपासत. १९७५ मध्ये त्यांनी ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सहा आठवडे योगातले शिथिलीकरण आणि यंत्रावर आपली शरीरस्थिती पाहून ती शांत करण्याचे शिक्षण दिले. दुसऱ्याला नुसते स्वस्थ पडून राहायला सांगितले. पहिल्या गटाचा रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर उतरला. दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. म्हणजे नुसत्या विश्रांतीनेही थोडा फरक पडतो, पण शिकून केलेल्या अभ्यासाने बराच अधिक!

एका मिनिटात सहा श्वास

हे घडते कसे? आपल्या मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीच्या कमानीत दाब जोखणारे सूक्ष्म पहारेकरी असतात. दाब वाढला की ते मेंदूला वर्दी देतात. मग मेंदू हृदयाची गती कमी करतो, रक्तवाहिन्या सैल करतो आणि दाब उतरतो. ज्यांचा रक्तदाब बरीच वर्षे वाढलेला असतो, त्यांचे हे पहारेकरी पेंगुळतात. वाढलेला दाबच त्यांना नेहमीचा वाटू लागतो.

विश्रांतीत आपण मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. हाच वेग सहावर आणला, म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद दिले, तर श्वासाची लय आणि रक्तदाबाची स्वतःची दहा सेकंदांची लाट जुळून येते. पहारेकरी जागे होतात. इटलीतल्या डॉ. लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ मध्ये एक गमतीची गोष्ट दाखवली. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा की “ॐ मणिपद्मे हुम्” म्हणा, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हे पहारेकरी अधिक तत्पर होतात. आपल्याकडे आजी संथ लयीत नाम घेत बसायची, तिचा श्वासही असाच लांबत असणार. २००५ मध्ये याच गटाच्या अभ्यासात रक्तदाबाच्या २० रुग्णांचा वरचा दाब संथ श्वास घेताना सुमारे १५० वरून १४१ वर आला.

हा परिणाम त्या वेळेपुरता होता, हे विसरू नये. रोजच्या अभ्यासाने टिकणारा उतार बहुतेकांना थोड्याच अंकांचा मिळतो. पण रक्तदाब थोडा उतरला तरी पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका कमी होतो.

कसे करावे?

खुर्चीवर किंवा सतरंजीवर पाठ सरळ ठेवून बसा. कंबरेचे कपडे सैल असावेत. एक हात पोटावर ठेवा. नाकाने श्वास घेताना सेकंदाला एक या गतीने चार अंक मोजा. पोट हलकेच वर यावे. सोडताना सहा अंक मोजा. श्वास कोंडू नका. छाती भरभरून दीर्घ श्वास घेण्याची गरज नाही, फक्त सावकाश घ्यायचा आहे. सुरुवातीला चार-सहा जमत नसेल तर तीन-चार मोजा. गरगरले किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्या. सुरुवात पाच मिनिटांनी करून हळूहळू पंधरा मिनिटांवर जावे. ठरलेली वेळ पाळली तर सवय टिकते. दमा, फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा विकार असेल, गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मोजण्याचीही रीत आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीवर असू द्या. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. संथ श्वासाचा अभ्यास संपताच मोजू नका. तेव्हाचा आकडा कमीच येणार आणि मनाची फसवणूक होणार! खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, अभ्यासाच्या आधी.

गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये किंवा अर्धीही करू नये. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही जाणवत नाही, त्यामुळे “बरे वाटते” हा पुरावा धरता येत नाही. आकडा १८०/१२० च्या वर असेल, किंवा छातीत दुखणे, धाप, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलण्यात जडपणा, हातापायात एका बाजूला लुळेपणा यांतले काही झाले, तर श्वास मोजत बसू नका. ताबडतोब इस्पितळ गाठा.

मीठही विसरून चालणार नाही. दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी असावे. जबलपूरची काळसर खव्याची जिलबी प्रसिद्ध आहे. ती बेताने खावी. सकाळच्या पोह्यांवर शेवेचा ढीग घेणे मात्र टाळावे. त्यापेक्षा हिवाळ्यात इथला कोवळा हिरवा वाटाणा मुबलक मिळतो, तो खावा.

तोललेला दगड

शहरातच मदनमहाल नावाचा गोंड राजांचा छोटा किल्ला आहे. त्याच्या वाटेवर एक मोठा गोटा दुसऱ्या खडकावर नुसता टेकलेला दिसतो. दोघांचा स्पर्श इतका थोडा की आत्ता घसरेल असे वाटते. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपूरमध्ये घरे पडली, माणसे दगावली, पण हा दगड जागचा हलला नाही. “बॅलन्सिंग रॉक” पाहायला शाळांच्या सहली येतात. काका गंमतीने म्हणतात, “माझी गोळी आणि माझा श्वास, असेच एकमेकांवर टेकले आहेत.”

यजमानांनी पुढे तीन महिने नेमाने पाळले. रोज चाळीस मिनिटे चालणे, पापड-लोणचे बंद, साडेतीन किलो वजन कमी आणि सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे संथ श्वास. त्यांच्या वहीत सकाळचे आकडे १३८/८८ च्या आसपास स्थिरावले. डॉक्टरांनी गोळी तूर्त लांबवली आणि स्पष्ट सांगितले, “यात श्वासाचा वाटा किती, मिठाचा किती, हे मी सांगू शकत नाही. चारही गोष्टी चालू ठेवा. आकडा वर गेला तर गोळी घ्यावी लागेल.” यजमानांनी मान डोलावली. गोळीची धास्ती आता गेली आहे, हाच मला मोठा फायदा वाटतो.

जाण्यासाठी

मुंबईहून भुसावळ, इटारसीमार्गे प्रयागराज, वाराणसीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या जबलपूरला थांबतात. विदर्भातल्या वाचकांना गोंदियाहून जाता येते. पूर्वी या मार्गावर छोटी गाडी धावत असे, आता तो रुंदमापी झाला आहे. नागपूरहून सिवनीमार्गे रस्ताही चांगला आहे. विमानतळ डुमना इथे आहे. ऑक्टोबर ते मार्च हा उत्तम काळ. पावसाळ्यात धुवांधार रौद्र दिसतो, पण भेडाघाटची नौकाविहाराची सोय बंद असते. एक दिवस भेडाघाट आणि चौसष्ट योगिनी, एक दिवस मदनमहाल, राणी दुर्गावती संग्रहालय, भँवरताल आणि संध्याकाळी ग्वारीघाटाची आरती, असा बेत करावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी गोळ्या सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, मंदिराच्या पायऱ्या थांबत थांबत चढाव्यात आणि एक पहाट तरी घाटाच्या पायरीवर निवांत बसण्यासाठी राखून ठेवावी.